दोन्हीकडचे फ्लेक्स बनवणाऱ्या मुलीला

पत्र :

ताई, मी पुण्यात मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. काकांचं फ्लेक्सचं दुकान आहे. २०२४च्या विधानसभेच्या वेळी दिवाळीच्या सुट्टीत आणि नंतर प्रचार संपेपर्यंत जमेल तसं मी तिथे डिझाइनचं काम केलं. सकाळी महायुतीच्या उमेदवाराचं, संध्याकाळी आघाडीच्या. कॉलेजात मॅडमनी ‘निवडणुकीतल्या प्रतिमा, माध्यमं आणि मी’ असा लेख लिहायला दिला होता. मी लिहिलं की सगळी माध्यमं विकली गेली आहेत, नेते फक्त फोटोपुरते उरलेत वगैरे. मॅडमनी कागद परत दिला, वर एकच शेरा : ‘यात तू कुठे आहेस?’ वर्गातल्या मित्राला दुकानाबद्दल सांगितलं तर तो म्हणाला, तू दोघांचे पैसे घेतलेस, आता कसली टीका करतेस?

अजून एक. शेवटच्या आठवड्यात एक कार्यकर्ता आला. विरोधी उमेदवाराचा फोटो त्याला एका बदनाम माणसाशेजारी ‘बसवून’ हवा होता. मी नाही म्हटलं. काका म्हणाले, ‘अगं, आपण छापणारी माणसं, आपल्याला काय करायचंय?’ शेवटी गल्लीतल्याच एका मुलाने मोबाइलवर तो करून दिला आणि संध्याकाळी निम्म्या गावाच्या स्टेटसला तो होता.

२० नोव्हेंबरला मी पहिल्यांदा मतदान केलं. शाईचं बोट इन्स्टाला टाकलं आणि तासाभराने काढून टाकलं, कारण तोसुद्धा प्रचारच वाटायला लागला. आता कुठलाच फोटो खरा वाटत नाही. लेख डिसेंबरात पुन्हा द्यायचाय. काय लिहू? आणि हे काम सोडू का?
– एक सातारकर

उत्तर :

तुझ्या मॅडम मला आवडल्या. चार शब्दांत त्यांनी तुझं दुखणं नेमकं सांगितलं आहे आणि उपायही तिथेच ठेवला आहे. ‘सगळी माध्यमं विकली गेली आहेत’ हे वाक्य लिहायला एकही वर्तमानपत्र उघडावं लागत नाही. तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी ते लिहिलं असणार आणि त्यातल्या एकानेही १९ नोव्हेंबरचे तीन अंक शेजारी ठेवून पाहिले नसणार. मी बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली आहेत. आमच्या धंद्याला शिव्या घालायच्या तर जरूर घाल, फक्त पुराव्यानिशी घाल.

हा पुरावा कसा गोळा करतात, त्याचं उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात घडलं आहे. २००९च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातल्या भोकरमधून उभे होते. त्या काळात त्यांचं गुणगान करणारा मजकूर मराठी दैनिकांतून पानंच्या पानं येत होता, ‘अशोकपर्व’ अशा मथळ्यासकट. पत्रकार पी. साईनाथ यांनी काय केलं? एकमेकांचे स्पर्धक असलेल्या दैनिकांचे अंक समोरासमोर ठेवले. तोच लेख, शब्दाला शब्द तोच, फक्त लेखकाचं नाव वेगळं. मग त्यांनी उमेदवाराने दाखल केलेला खर्चाचा हिशेब काढला. वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींवर खर्च : ५,३७९ रुपये. बस्स. त्यांना कुठे ‘माध्यमं विकली गेली’ असं ओरडावं लागलं नाही. पुढे हे प्रकरण निवडणूक आयोगापर्यंत आणि न्यायालयात गेलं, २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाची नोटीस रद्द केली आणि चव्हाण त्यातून सुटले, हेही तितकंच खरं आणि तुझ्या लेखात हे प्रकरण घेतलंस तर तेही लिहायला हवं. पण त्या प्रकरणानंतर ‘पेड न्यूज’, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्द घरोघरी गेला, तो तीन अंक शेजारी ठेवल्यामुळे.

आता तुझ्याकडे वळू. तुझ्या वर्गातल्या इतर मुलांना निवडणुकीची प्रतिमा दिसते ती चौकात टांगलेली किंवा हातातल्या मोबाइलवर आलेली, म्हणजे तयार झाल्यावर. तू ती होताना पाहिली आहेस. पुण्यातल्या कुठल्या प्राध्यापकाला माहीत नसेल इतकं तुला ठाऊक आहे आणि तू तेच लपवून, दुसऱ्यांची वाक्यं लिहून मोकळी झालीस.

फ्लेक्सवर कोणाचं डोकं किती मोठं, हे कोण ठरवतं? उमेदवार? तालुकाध्यक्ष? की व्हॉट्सअॅपवर रात्री अकराला प्रूफ बघून ‘साहेब जरा वर घ्या’ म्हणणारा पीए? वरच्या ओळीत दिल्लीचे, मग मुंबईचे, मग जिल्ह्याचे, खाली टिकल्यांएवढ्या गोलांत शुभेच्छुक. ही उतरंड कुठल्याही पक्षाच्या घटनेत लिहिलेली नाही, पण तुझ्या कोरलड्रॉच्या फाइलमध्ये ती सेंटिमीटरमध्ये मोजता येते. एखाद्या शुभेच्छुकाचा फोटो राहिला म्हणून दुकानात भांडण झालं असेल. युतीतल्या तिसऱ्या पक्षाच्या नेत्याचा फोटो घालायचा की नाही यावरून फ्लेक्स दोनदा छापून झाला असेल. नेत्याचा फोटो कुठल्या वर्षीचा वापरायचा, केस किती काळे करायचे, चेहरा किती उजळायचा, हे तुझ्या हाताने झालं आहे. महाराष्ट्रातल्या आघाड्या आणि युत्या कशा चालतात यावर अग्रलेख लिहिणाऱ्यांपेक्षा हे जास्त नेमकं सांगणारं आहे.

आणि यंदा तर तुझ्या फोल्डरमध्ये इतिहास भरला आहे. बाळासाहेब ठाकऱ्यांचा तोच एक कटआउट दोन्ही शिवसेनांच्या फाइलमध्ये असेल. यशवंतराव चव्हाणांचा दोन्ही राष्ट्रवादींच्या फाइलमध्ये, शिवाय काँग्रेसच्याही. तुमच्या कराडचेच ते. शरद पवारांचा फोटो अजित पवारांच्या पक्षाने वापरू नये म्हणून २०२४च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेलं आणि न्यायालयाने तशी लेखी हमी मागितली. एका माणसाचा फोटो कोणी वापरायचा याचा वाद देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे चालला, यापेक्षा राजकारणातल्या फोटोची किंमत सांगणारं दुसरं उदाहरण कुठे शोधशील? अजित पवारांच्या पक्षाला मिळालेल्या घड्याळ चिन्हाचंही तसंच. ते न्यायप्रविष्ट आहे असा खुलासा प्रत्येक पत्रकात, जाहिरातीत, क्लिपमध्ये द्यायचा आदेश होता आणि नोव्हेंबरात पुन्हा ३६ तासांच्या आत वर्तमानपत्रांत तो छापा असं न्यायालयाला बजावावं लागलं. तुमच्या दुकानात घड्याळाचं काम आलं असेल तर फाइल उघडून बघ : ती ओळ होती का? असली तर किती पॉइंटात, म्हणजे किती मोठ्या अक्षरात? ‘विकासपुरुष’ किती पॉइंटात? या दोन आकड्यांवर एक आख्खा परिच्छेद होतो.

जाता जाता : बेकायदा फ्लेक्सविरुद्ध २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातल्या पालिकांना कडक आदेश दिले, ती जनहित याचिका तुमच्याच साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनची होती. पुण्यातल्या मुलांना वाटतं फ्लेक्सचा वैताग फक्त त्यांनाच आहे.

पण मला विचारशील तर तुझ्या लेखाचा मूळ ऐवज सातारा जिल्ह्याच्या गेल्या पाच वर्षांत आहे. तिथे दोन प्रतिमा आहेत. एक तुला पाठ असेल. १८ ऑक्टोबर २०१९, जिल्हा परिषदेचं मैदान, धो धो पाऊस, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे शरद पवार छत्री न घेता बोलत उभे. तू तेव्हा शाळेत असशील. तीन दिवसांनी मतदान होतं, विधानसभेबरोबर साताऱ्याच्या लोकसभेच्या पोटनिवडणुकीचंही. तो फोटो आणि ती क्लिप रात्रीतून राज्यभर गेली. पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीच्या श्रीनिवास पाटलांनी भाजपच्या उदयनराजे भोसल्यांना ८७ हजारांहून जास्त मतांनी हरवलं, राष्ट्रवादी ४१ जागांवरून ५४ वर गेली आणि तेव्हापासून ‘पावसाने निवडणूक फिरवली’ हे आपल्याकडे म्हणीसारखं वापरलं जातं.

खरंच फिरवली का? इथे थोडं थांब. लोकांचा कल आधीच वळलेला असेल आणि त्याला त्या फोटोत एक चेहरा सापडला असेल, असंही म्हणता येतं. उदयनराजे काही महिन्यांपूर्वीच राष्ट्रवादीच्या तिकिटावर निवडून येऊन भाजपमध्ये गेले होते, त्याचा राग वेगळा होता. फोटोमुळे मतं आली की मतं यायची होती म्हणून फोटो डोक्यावर घेतला गेला, हे सोडवता येत नाही आणि तू ते सोडवल्याचा आव आणू नकोस. त्याऐवजी तुझ्या आईला, काकांना, शेजारच्या आजीला विचार की त्या फोटोबद्दल त्यांना काय आठवतं. कोणी म्हणेल भिजलेला म्हातारा माणूस, कोणी म्हणेल नाटक, कोणाला भाषणातलं एक वाक्य आठवेल, कोणाला फक्त पाऊस. लोक एकच फोटो बघून वेगवेगळं बघतात, हे तुला त्यांच्या तोंडून मिळेल आणि ते कुठल्याही सिद्धांताच्या पुस्तकातून उतरवलेल्या परिच्छेदापेक्षा जड भरेल.

दुसरी प्रतिमा जेमतेम नखाएवढी आहे. मतदान यंत्रावरचं चिन्ह. २०२४च्या लोकसभेला शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. फेब्रुवारीत मिळालं, रायगडावर त्याचं अनावरण झालं, महिनाभर गावोगाव तुतारीवाले फिरले. आणि त्याच यंत्रावर, खाली कुठेतरी, एका अपक्षाला आयोगाच्या मुक्त चिन्हांतलं ट्रम्पेट मिळालेलं होतं. यादीत त्याचंही मराठी नाव तुतारी. चित्र मात्र आपण जिला पिपाणी म्हणतो तिचं. साताऱ्यात पक्षाचे उमेदवार शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले. पिपाणीवाल्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीत पिपाणीवर एक लाखाहून जास्त मतं गेली, तिथे पक्षाचा उमेदवार तरीही निवडून आला म्हणून फार चर्चा झाली नाही. यातली किती मतं चुकून गेली हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही. अपक्षाला मत देण्याचा हक्कही लोकांना आहेच. पण पक्षाने आयोगाकडे धाव घेतली, पिपाणी गोठवा म्हणाले. विधानसभेआधी आयोगाने पिपाणी ठेवली आणि तुतारीवाल्या माणसाचं चित्र यंत्रावर अधिक ठळक करायला मान्यता दिली.

बघ ना. एका बाजूला आख्ख्या राज्याने डोळे भरून बघितलेला फोटो, दुसऱ्या बाजूला बटणाशेजारचं काळंपांढरं चित्र, ज्याच्याकडे पुरते दोन सेकंदही कोणी बघत नाही. एकाच जिल्ह्यात, पाच वर्षांच्या अंतराने. माध्यमांचे विद्यार्थी पहिल्यावरच लिहितात. तू दोन्हीवर लिही, कारण तुझ्या दुकानात त्या चिन्हाचंही काम झालं असणार : ‘आपलं चिन्ह’ म्हणून बाण दाखवून, यंत्राचं चित्र काढून, अनुक्रमांक मोठा करून. प्रचाराच्या शेवटच्या चार दिवसांत नेत्याचा चेहरा लहान होत जातो आणि अनुक्रमांक मोठा, हे तुझ्या लक्षात आलं होतं का? आलं नसेल तर तारखांप्रमाणे फाइली लावून बघ.

ही चिन्हं मुळात आली तीच वाचता न येणाऱ्या मतदारांसाठी, १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत. आयोगात एम. एस. सेठी नावाचे ड्राफ्ट्समन होते, १९९२ साली निवृत्त झाले, त्यांनी पेन्सिलने काढलेली कितीतरी चिन्हं आजही वापरात आहेत. सरकारी खुर्चीत बसून रोजच्या वस्तू रेखाटणारा हा माणूस आपल्या लोकशाहीचा खरा चित्रकार म्हणायला हवा. हे माझं मत, तू उचलायची गरज नाही.

आता तुझा मित्र. तू दोघांचे पैसे घेतलेस म्हणून तुला बोलायचा हक्क नाही, हा युक्तिवाद मला पटत नाही. दर चौरस फुटामागे ठरलेला दर आणि तुझी मजुरी तू घेतलीस. मत विकलेलं नाहीस, मजकूरही तुझा नव्हता. या हिशेबाने मांडववाला, स्पीकरवाला, रिक्षातून कर्णा फिरवणारा, वडापाववाला सगळेच गप्प बसले पाहिजेत. पण त्याच्या बोलण्यात एक धागा आहे, तो सोडू नकोस. तू पैसे घेतलेस हे लेखात पहिल्या परिच्छेदात सांग. किती दिवस काम केलं, कोणकोणत्या बाजूंसाठी, मोबदला मिळाला की घरचं काम म्हणून केलंस. वाचणाऱ्याला ते आधी कळलं की पुढचं सगळं तो त्या उजेडात वाचेल. लपवलंस आणि नंतर कळलं, तर तुझ्या मित्राचं म्हणणं खरं ठरेल.

त्या बनावट फोटोचं प्रकरण मात्र गंभीर आहे. ‘आपण छापणारी माणसं’ असं काका म्हणाले. काका वाईट नाहीत, त्यांना गिऱ्हाईक तुटायची भीती आहे. शिवाय विधानसभेचा हंगाम पाच वर्षांतून एकदाच येतो. पण कायदा छापणाऱ्यालाच आधी धरतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ अ त्यांना वाचून दाखव. निवडणुकीचं पत्रक असो की पोस्टर, त्यावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं आणि पत्ते दर्शनी भागावर हवेत. छापून घेणाऱ्याने आपण कोण हे सही करून लिहून द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी ते साक्षांकित करायचं आणि छापखान्याने त्या कागदाची प्रत छापलेल्या नमुन्यासह जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची. नाही केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची रक्कम बघून काका हसतील, कैदेचं ऐकून हसणार नाहीत. उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल खोटं विधान छापलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १७५ वेगळं आहेच.

म्हणजे ‘नाही’ म्हणताना तुला नैतिकतेवर प्रवचन द्यायची गरज नाही. ‘दादा, खाली दुकानाचं नाव टाकावं लागतं आणि तुमच्या सहीचा कागद लागतो, द्याल का?’ एवढं विचार. असली कामं घेऊन येणारा माणूस सहीचं नाव निघालं की चहा न पिताच निघून जातो.

काम सोडू का, याचंही उत्तर यातच आलं. सोडू नकोस. फ्लेक्सचं डिझाइन हे प्रामाणिक काम आहे आणि त्यातून तू शिकते आहेस. पण पुढच्या निवडणुकीआधी, म्हणजे दुकानात गर्दी व्हायच्या आधी, काकांशी बसून तीन गोष्टी ठरवून घे : मुद्रक-प्रकाशकाच्या ओळीशिवाय काही बाहेर जाणार नाही, कोणाचाही फोटो दुसऱ्या कोणाशेजारी चिकटवून प्रसंग घडल्याचा भास करायचा नाही, आणि एआयने बनवलेलं काही असेल तर तसं लिहायचं. ऐन हंगामात हे बोलायला गेलीस तर ते ऐकणार नाहीत. आता, डिसेंबरात, ऐकतील.

‘कुठलाच फोटो खरा वाटत नाही’ हे तू लिहिलंस, त्याची मला जास्त काळजी वाटते. कारण खोटा फोटो पसरवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. त्याचा फोटो तुला खरा वाटलाच पाहिजे असं नाही. खराही तुला खोटा वाटला तरी त्याचं काम झालं.

१९ नोव्हेंबरचा दिवस आठव. प्रचार १८ तारखेच्या संध्याकाळी संपला होता. कायद्याप्रमाणे शांतता. आणि १९ला दिवसभर विरारच्या हॉटेलातले व्हिडिओ, भाजपच्या विनोद तावडेंवर पैसे वाटल्याचा आरोप, त्यांनी तो फेटाळणं. संध्याकाळी भाजपने ऐकवलेल्या, बिटकॉइनचा पैसा निवडणुकीत वापरल्याच्या आरोपाच्या ऑडिओ क्लिपा, सुप्रिया सुळेंनी आवाज माझा नाही म्हणत आयोगाकडे आणि सायबर पोलिसांकडे केलेली तक्रार. दुसऱ्या दिवशी सात वाजता मतदान. यातलं काय खरं हे त्या रात्री एकाही मतदाराला तपासता येणार नव्हतं. तुझ्या लेखात निकाल देऊ नकोस, वेळ लिही. कधी आलं, तुझ्यापर्यंत कोणाकडून आलं, खुलासा कधी आला आणि तो तुला कोणी पाठवला का. माझा अंदाज असा की क्लिपा तुला पाच जणांनी पाठवल्या असतील आणि खुलासा एकानेही नाही.

आणि सगळा दोष एआयवर ढकलू नकोस, ती आता फॅशन झाली आहे. २०२४च्या एप्रिलमध्ये अमित शहांची आरक्षणाची क्लिप फिरली, तिच्यात कसलं एआय नव्हतं. तेलंगणातल्या मुस्लिम आरक्षणाबद्दलचं बोलणं कापून असं जोडलं होतं की ते दलित, आदिवासी, ओबीसींचं आरक्षण काढणार असं ऐकू यावं. दिल्ली पोलिसांनी गुन्हा दाखल केला. तुमच्या गल्लीतल्या मुलानेही मोबाइलवरच्या साध्या अॅपवर काम भागवलं. कापणं आणि चिकटवणं छायाचित्रणाच्या जन्मापासून आहे. तुला तर ते जमतं, त्यामुळे पकडताही येईल : गळ्याच्या कडेला उरलेली पांढरी रेघ, दोन चेहऱ्यांवर दोन दिशांनी पडलेला उजेड, एकाच्या खांद्यामागे गेलेला आणि परत न आलेला हात. लेखात तो फोटो पुन्हा छापू नकोस, नाहीतर तूच तो पसरवशील. पण त्यात कुठे शिवण दिसते हे शब्दांत लिही. डिझाइन करणाऱ्या मुलीची नजर कशी चालते हे वाचायला कोणालाही आवडेल.

तसंच २० तारखेच्या अंकांचं. मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी टीव्हीवर प्रचार बंद असतो, पण वर्तमानपत्रांत जाहिरात छापता येते, फक्त ती आधी माध्यम प्रमाणन समितीकडून मंजूर करून घ्यावी लागते. कॉलेजच्या लायब्ररीत १९ आणि २०चे चार दैनिकांचे अंक मिळतील. पहिलं पान कुठल्या जाहिरातीने झाकलं आहे, ‘जाहिरात’ हा शब्द कुठल्या कोपऱ्यात आहे, आणि बातमीच्या पानावर बातमीसारखं काय दिसतंय, हे स्वतः मोज. फेसबुक-इन्स्टावरच्या जाहिरातींसाठी मेटाचा जाहिरात संग्रह सगळ्यांना खुला आहे. तुमच्या उमेदवाराचं नाव टाक, पैसे कोणी भरले ती ओळ दिसते. एखाद्या गोंडस नावाच्या पेजमागे कोण उभं आहे हे बघून तुला आश्चर्य वाटेल, किंवा वाटणारही नाही.

शाईच्या बोटाचा फोटो काढून का टाकलास? मला नीटसं कळलं नाही. तू कोणत्या पक्षाला मत दिलंस ते त्यात नव्हतं. ती शाई १९६२ पासून म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून येते, सगळ्या पक्षांच्या मतदारांना सारखीच लागते आणि कोणाचंही चिन्ह तिच्यावर नाही. आख्ख्या निवडणुकीत तुझ्या हातून तयार झालेली ती बहुधा एकमेव प्रतिमा होती जिच्यावर कोणी ‘साहेब वर घ्या’ म्हणालं नाही. तरी तुला ती टाकल्यावर अवघडल्यासारखं झालं असेल तर त्या तासाभराबद्दल लिही. लाइक मोजत होतीस का? कोणी काही बोललं का? मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेही दिसतं.

एक पथ्य पाळ. लेखात गिऱ्हाइकांची नावं, बिलं, कोणाच्या फ्लेक्सचे किती फूट छापले आणि पावतीत किती दाखवले, असलं काही येता कामा नये. ते दुकानाचं आहे, तुझं नाही, आणि विश्वासाने तुझ्यासमोर आलेलं आहे. त्यात काही बेकायदेशीर दिसलं असेल तर ती वेगळी गोष्ट, त्यासाठी आयोगाचं सी-व्हिजिल हे तक्रारीचं अॅप होतं आणि पुढच्या वेळीही असेल. ‘एका उमेदवाराचा फ्लेक्स’ एवढं पुरतं. आणि लेख देण्याआधी काकांना वाचून दाखव. परवानगी मागू नकोस, नुसता वाचून दाखव. एखाददुसरी तांत्रिक चूक ते सुधारतील आणि कदाचित असं काही सांगतील जे तुला माहीतच नव्हतं : फ्लेक्स यायच्या आधी रंगारी भिंती कशा रंगवायचे, तेव्हा नेत्याचा चेहरा ओळखू यायचा का, पैसे कधी मिळायचे. ते मिळालं तर पहिला मसुदा बाजूला ठेवून पुन्हा लिहायला बस.

गल्लीतल्या त्या मुलाचं राहिलं. त्याच्यावर लेखात राग काढू नकोस, तो अठरा-एकोणीस वर्षांचा असेल आणि त्याला दोनशे रुपये किंवा नुसतीच शाबासकी मिळाली असेल. त्याला दुकानात बोलाव, कलम १७५ दाखव आणि विचार की तो फोटो त्याच्या स्टेटसवरून त्याने कधी काढला. काढलाच नसेल, तर तुझ्यासमोर काढायला लाव. काम येतंय त्याला, हात चांगला आहे. पुढच्या दिवाळीत काकांना दुसरा डिझाइनर लागणारच आहे.